अकरा नंबरचं चित्र

“आत्या, सात?” मी दारातच ओरडले. “एका तासात सात?”

चंपूआत्या टेबलामागे बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होती. भर डिसेंबरात. वारा घ्यायला तिला उकाडा लागत नसे.

“आणखी लावणार होते,” ती म्हणाली, “पण पाकीट संपलं.”

हे वाक्य माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी भिंतीभिंतीनं धावत होते. दोन, पाच, सहा, नऊ, अकरा, चौदा, सतरा. सात चित्रांच्या खालच्या नावाच्या पट्टीवर लाल ठिपका. गॅलरीत हा रिवाज असतो. चित्र विकलं गेलं की पट्टीवर एक लाल ठिपका चिकटवतात, म्हणजे दुसऱ्या कुणी त्याची आशा धरू नये. मी गेले पाच दिवस तो ठिपका स्वप्नात बघत होते. एकच मागितला होता देवाकडे. त्यानं सात दिले म्हटल्यावर मी आत्याचे दोन्ही हात धरून तिला खुर्चीतून उठवलं आणि गरागरा फुगडी घातली. आत्या अठ्ठावन्न वर्षांची, अंगानं भरलेली. दोन फेऱ्यांत तिचा अंबाडा सुटला.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते, बार्शीची, आणि मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या ‘वर्णिका’ नावाच्या चिमुकल्या गॅलरीत माझं पहिलं प्रदर्शन लागलं होतं. अठरा चित्रं, सहा दिवस. तो रविवार शेवटचा. संध्याकाळी सातला माझा थोरला भाऊ विश्वनाथ, म्हणजे दादा, मला न्यायला येणार होता. रात्रीची एसटी, आणि सोमवारपासून बार्शीच्या शाळेत चित्रकलेच्या बाई. फुलदाणी काढा, खाली सावली द्या, हात वर करू नका.

यातून सुटायची एकच वाट दादानं ठेवली होती. “एका तरी अनोळखी माणसानं तुझं चित्र विकत नेलं, तर रहा मुंबईत,” तो म्हणाला होता. “अनोळखी बरं का. आत्यानं नेलं, मैत्रिणीनं नेलं, ते धरणार नाही. ज्याला तू कोण हे ठाऊक नाही, त्यानं तुझं काम बघून मान डोलवली पाहिजे.” दादा कापडाचा दुकानदार. गिऱ्हाईक खरं कोणतं आणि गप्पा मारायला आलेलं कोणतं, ते त्याला उंबऱ्यावरच कळतं. त्यानं घातलेली अट चुकीची होती असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, म्हणूनच तर जास्त राग आला होता.

“कोणी घेतली गं?” मी धापा टाकत विचारलं. “एकाच माणसानं?”

“काय घेतली?”

“चित्रं!”

“चित्रं कुठे कोणी घेतली? ती काय, भिंतीवरच आहेत की.”

“मग हे ठिपके?”

“ते मी लावले.” आत्या अंबाडा बांधत म्हणाली. “टिकल्या आहेत माझ्या. पर्समध्ये पाकीट असतंच. शेजारच्या दालनात त्या दाढीवाल्याच्या चित्रांना सगळ्यांना लाल लाल लावलंय आणि तुझ्या एकालाही नाही. मी मंगळवारी गंगारामला विचारलं, हे काय असतं रे बाबा? तो म्हणाला, ज्या चित्राला मान असतो त्याला लागतं. आता तुझी काय वाईट आहेत? गॅलरीवाले लक्ष देत नाहीत म्हणून आपण गप्प बसायचं? मला आवडली त्यांना लावल्या. पहिली अकराला लावली.”

गंगाराम म्हणजे गॅलरीचा राखणदार. तो दारात उभा राहून छताकडे बघत होता.

मी मटकन खाली बसले. हसावं की रडावं कळेना, तेव्हा दोन्ही थोडं थोडं करून पाहिलं. मग उठले आणि नखानं एकेक टिकली खरवडून काढायला लागले. मुंबईच्या टिकलीचा गोंद मोठा चिवट असतो. आत्या माझ्या मागून फिरत होती. “अगं, पण वाईट काय झालं? शोभा आली होती.”

“आत्या, तो विकल्याचा ठिपका असतो! ठिपका बघितला की माणूस चित्र मागतसुद्धा नाही, निघून जातो.”

आत्या थांबली. तिचा चेहरा एकदम पडला. “मग तो माणूस म्हणून तसा गेला वाटतं,” ती हळूच म्हणाली.

“कोणता माणूस?”

“दोनच्या सुमाराला आला होता. अकरासमोर बराच वेळ उभा. मागं जायचा, पुढं यायचा, खाली वाकून बघायचा. मला वाटलं, हा मला ओळखतो की काय. मग तुझ्या त्या वहीत काहीतरी खरडलं आणि गेला.”

मी वहीवर झडप घातली. अभिप्रायाच्या वहीत सहा दिवसांत ‘छान प्रयत्न’, ‘शुभेच्छा’ आणि एका शाळकरी मुलीनं काढलेलं मांजर, एवढंच जमलं होतं. आता शेवटच्या पानावर बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘अकरा नंबर विकलं गेलेलं पाहून हळहळलो. हनुवटीखालचा हिरवा इतका बरोबर लावलेला पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. ग. पाटकर.’

मी ते चारदा वाचलं. अकरा नंबर म्हणजे मेथी निवडणारी आत्या. तिच्या गिरगावातल्या खिडकीत बसवून काढली होती. मांडीवर परात, परातीत मेथीचा ढीग, खिडकीतलं ऊन मेथीवर पडलेलं आणि त्या पाल्याचा हिरवा उजेड आत्याच्या हनुवटीखाली चढलेला. दादा ते चित्र बघून म्हणाला होता, “आत्याला कावीळ झाली होती का?” आमच्या चित्रकलेच्या सरांनीही तेच म्हटलं, फक्त जरा शिकलेल्या भाषेत. आणि इथं हा माणूस, ना ओळख ना पाळख, नेमका त्या हिरव्यापाशी थांबला होता.

“कुठे गेला तो? काही बोलला?”

“निघताना घड्याळ बघितलं आणि म्हणाला, गिरगावात चारचं नाटक आहे, उशीर होईल. मी म्हटलं, भाग्यवान आहात. मला आज जाता आलं नाही.”

आत्याचं नाटकवेड आमच्या घरात प्रसिद्ध होतं. दर रविवारी दुपारचं नाटक म्हणजे नाटक. काका म्हणायचे, मी मेलो तर शनिवारीच मरेन, रविवारी हिला सवड नसते. माझ्यासाठी तिनं तो रविवार सोडला होता, आणि मी मघाशी तिच्यावर ओरडले होते. मला लाज वाटली.

“गिरगावात चारचं म्हणजे रसरंग नाट्यमंदिर,” आत्या पर्स उचलत म्हणाली. “चल. तीन वाजलेत. नाटक सुरू व्हायच्या आत पकडू त्याला.”

“सातशे माणसांत?”

“मी बघितलाय ना त्याला. पन्नाशीचा, बुशशर्ट, आणि नखांत काहीतरी लाल होतं. पान खात असणार. गंगाराम, चित्रांकडे लक्ष ठेव. कुणी विचारलं तर विकायची आहेत म्हणून सांग. सगळी!”

आम्ही टॅक्सी पकडली. चर्नी रोडच्या वळणावर आत्या म्हणाली, “माझ्यामुळं गेला तर मी स्वतः बार्शीला येऊन तुझ्या शाळेत घंटा वाजवीन.”

रसरंगसमोर हाऊसफुल्लचा बोर्ड लागला होता. गजरे, अत्तर, रेशमी साड्या, दाराशी बटाटेवड्याचा वास. रविवारच्या चारच्या नाटकाला माणसं लग्नाला आल्यासारखी येतात. एरवी मी त्या गर्दीवर जीव टाकला असता. त्या दिवशी मी फक्त पुरुषांची नखं बघत फिरत होते. एका गृहस्थांनी मला बघून हात खिशात घातले.

आत्या थेट डोअरकीपर वामनरावांकडे गेली. वीस वर्षांची ओळख.

“वामनराव, एक माणूस शोधायचाय.”

“वहिनी, आज इथं सातशे आहेत. कोणता देऊ?”

“पाटकर.”

“पाटकर दहा तरी असतील. गिरगाव आहे हे.” वामनराव तिकिटं फाडत म्हणाले. “आत पडद्यामागे व्यवस्थापक आहेत. त्यांना सांगून घोषणा करवतो फार तर. पण तिसऱ्या घंटेच्या आधी. आणि थोडक्यात.”

ती घोषणा मी जन्मात विसरणार नाही. प्रेक्षागृह भरलेलं, दिवे अर्धे मंदावलेले. आम्ही दोघी मागच्या दाराशी उभ्या. दुसरी घंटा झाली आणि आवाज आला, “रसिक प्रेक्षकहो, एक विनंती. फियाट गाडी, नंबर बावीस चौसष्ट, फाटकातून हलवावी. आणि ज्या गृहस्थांना अकरा नंबरचं चित्र हवं होतं, त्यांनी मागच्या दाराशी यावं. ते विकलेलं नाही. ती टिकली होती.”

सातशे माणसं खो खो हसली. त्यांना वाटलं, नाटक सुरू झालं. फियाटवाले उठून गेले. चित्रवाला उठला नाही. तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला.

“चल आत्या, परत जाऊ,” मी म्हणाले. “अजून तीन तास आहेत. दुसरं कुणी तरी येईल.”

तेवढ्यात वामनराव लगबगीनं आले. “अहो, तुमचा माणूस बाहेर नाही, आत आहे! रंगपटात. गजाननराव पाटकर, आमचे रंगभूषाकार. त्यांनी तिथल्या स्पीकरवर ऐकलं. आत बोलावतायत.”

आत्यानं कपाळावर हात मारला. “म्हणजे ते पान नव्हतं!”

रंगपट म्हणजे लांबट खोली. एका भिंतीला आरसे, आरशांभोवती बल्ब, समोर डबे, ब्रश, स्पंज, विग. पाटकर उभे राहिले आणि त्यांनी मला नमस्कार केला. मला. कुणी माझ्यासाठी असं उठून उभं राहिल्याचं मला आठवत नव्हतं.

“ते तुम्ही काढलंत? एवढ्या लहान तुम्ही?” मग त्यांनी आत्याकडे बघितलं. “आणि या त्या मेथीवाल्या. गॅलरीत तुमच्याकडे बघायचं धाडस झालं नाही, चित्रातच बघून घेतलं.”

“अजून विकलं नाही ते,” मी एका दमात म्हणाले. “तुम्ही घेऊ शकता. आजच. किंमत कमीसुद्धा करीन.”

पाटकर खाली बसले. ब्रश पुसायला लागले. पुसलेलाच ब्रश पुन्हा.

“ताई, खोटं बोलत नाही. विकलं गेलंय असं बघितलं म्हणून मोकळेपणी लिहिलं. विकलं नसतं तर मी किंमत विचारायच्या आधीच पळालो असतो. आम्ही पाच माणसं एका खोलीत राहतो. भिंतीवर कॅलेंडर लावायचं तरी मुलाचं दप्तर हलवावं लागतं. तुमचं चित्र चार फुटी आहे.”

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. त्यांचा राग येईना. माणूस सरळ होता.

“काही हरकत नाही,” मी म्हणाले. “तुम्ही लिहिलंत तेच पुष्कळ. चल आत्या.”

“एक विचारू?” पाटकरांनी घड्याळ बघितलं. “मध्यंतरापर्यंत थांबता? आज माझा मदतनीस भिकू आला नाही, त्याच्या बहिणीचं लग्न आहे. पहिल्या अंकात नवरा-बायको तिशीतले, दुसऱ्यात सत्तरीचे. पंधरा मिनिटांत दोन म्हातारे करायचे असतात. एक मी करतो, एक भिकू. सकाळपासून विचार करतोय, आज काय करू.”

“मी? तोंडावर? मी आयुष्यात कुणाच्या तोंडाला रंग लावलेला नाही.”

“कॅनव्हासवर लावलात ना? तसंच. फक्त हे तोंड बोलतं.”

मी दारात उभी राहिले. माझं सगळं गणित गॅलरीत होतं. सातपर्यंत कुणी आलं असतं तर? रविवारची संध्याकाळ, लोक फिरायला बाहेर पडतात. इथं थांबले तर ती आशा सोडावी लागणार होती. पण त्या सहा दिवसांत माझ्या चित्रांसमोर उभं राहून लोकांनी मला वेळ विचारली होती, मोरी विचारली होती, एकानं शेजारच्या दाढीवाल्याचं वय विचारलं होतं. रंगाबद्दल बोलला तो हा एकटा. अडलेला होता. आणि खरं सांगायचं तर ते डबे उघडे बघून माझी बोटं शिवशिवत होती.

“थांबते,” मी म्हणाले.

आत्यानं लगेच एक ट्रंक ओढून बैठक मारली. “मग मीही थांबते. नाटक ऐकू तर येतंय.”

पुढचा अर्धा तास पाटकरांनी मला शिकवलं. सुरकुती म्हणजे नुसती काळी रेघ नव्हे, तिच्या शेजारी उजळ रेघ हवी, नाहीतर तोंड मळल्यासारखं दिसतं. दिवे पिवळे असतात, खालूनही उजेड येतो, म्हणून गालाच्या खड्ड्यात, हनुवटीखाली जरा हिरवट छटा. “नवी पोरं सगळीकडे एकच तपकिरी फासतात,” ते म्हणाले. “म्हणून त्या मेथीपाशी मी थांबलो.”

मध्यंतराची घंटा झाली आणि वादळ आत आलं. नायक घाम पुसत पाटकरांच्या खुर्चीत बसला. नायिका उल्का दातार, सव्वीस वर्षांची, आरशात मला बघून जागीच थबकली.

“ही कोण?”

“आज ताई करतील तुम्हाला,” पाटकर न वळताच म्हणाले.

“पाटकर, नवीन मुलगी? हाऊसफुल्लला? मला म्हातारीऐवजी हडळ केलं तर?”

“मग आपण नाटकाचंच नाव बदलू. बसा, तेरा मिनिटं राहिली.”

ती बसली, पण डोळे घट्ट मिटून, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तशी. मी स्पंज उचलला. समोर एक गोल, गुळगुळीत, सुंदर चेहरा. यात सत्तर वर्षं कुठून आणू? मी मान वळवली, आणि आरशाच्या बल्बच्या उजेडात ट्रंकेवर बसलेली आत्या दिसली. तो चेहरा मी तीन आठवडे रोज रंगवला होता. नाकापासून ओठाच्या कडेला उतरणारी ती घडी, डोळ्याखालची पिशवी, कानाजवळ सैल पडलेली कातडी.

“माझ्याकडे काय टक लावतेस?” आत्या म्हणाली. “मी अठ्ठावन्नचीच आहे.”

“पुढची बारा मी घालते. हलू नकोस.”

“मला सांगतेयस की यांना?” उल्कानं एक डोळा उघडून विचारलं.

“दोघींना!”

मग मला काही ऐकू आलं नाही. गाल आत गेले, कपाळ उतरलं, ओठ बारीक झाले. हनुवटीखाली मी माझा हिरवा लावला, थोडा, बोटानंच. पाटकरांनी नायक उरकून तिच्या डोक्यावर पांढरा विग चढवला. दुसरी घंटा झाली. उल्का उठायला लागली तशी माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. मांडीवर ठेवलेले, तरणेताठे, गुलाबी हात.

“थांबा, हात!”

“हाताला भिकू नुसती पावडर लावतो,” ती म्हणाली.

“अर्धं मिनिट.” मी निळसर तपकिरी घेऊन शिरा ओढल्या, सांध्यांवर सावली दिली, आत्याच्या मेथी निवडणाऱ्या हातांसारखी. तिसरी घंटा झाली. उल्कानं उभं राहून आरशात बघितलं. आणि दाराकडे जाताना तिची पाठ आपोआप वाकली.

मी विंगेत जाऊन उभी राहिले, पडद्याची दोरी घट्ट धरून. पडदा वर गेला. रंगमंचावर खुर्चीत एक म्हातारी पाठमोरी बसलेली. तिनं हळूच मान वळवली आणि एक हात वर करून केस मागं सारले. मग तिसऱ्या चौथ्या रांगेतून कुणा बाईचा आवाज आला, “अगंबाई, तीच आहे ही!” आणि टाळ्या सुरू झाल्या. तिनं अजून एक वाक्यही म्हटलेलं नव्हतं. त्या टाळ्या कशाला होत्या हे विंगेतल्या आम्हा तिघांनाच कळत होतं. पाटकरांनी माझ्याकडे बघितलं नाही, नुसता माझ्या पाठीवर एक धपाटा घातला. आत्या पदरानं डोळे पुसत होती. “अगदी आमची आई गं,” ती म्हणाली. “शेवटी शेवटी अशीच दिसायची.”

मला इतका आनंद झाला की तो कुणाला सांगावा कळेना. मी त्या दोरीलाच मिठी मारली.

नाटक संपलं, टाळ्या संपल्या आणि मग मला घड्याळ दिसलं. पावणेसात. गॅलरी सातला बंद. दादा तिथं पोचत असेल. मी पर्स शोधत होते तेवढ्यात रंगपटाचं दार धाडकन उघडलं आणि दादाच आत आला. हातात माझी बार्शीला न्यायची पत्र्याची पेटी.

“हेमे, लाज वाटत नाही?” त्यानं पेटी खाली आदळली. “पाचलाच गॅलरीत आलो. म्हटलं, शेवटचा दिवस, आवरायला हात लागेल. तर तो गंगाराम म्हणतो, बाई नाटकाला गेल्या! प्रदर्शन टाकून नाटकाला? आत्या, तू तरी? इथं आलो तर दुसऱ्या अंकाचा पडदा वर जायला दोन मिनिटं होती. त्या डोअरकीपरनं मागं खुर्ची टाकून बसवलं. बसलो गप. काय करतो!”

“दादा, ऐक तर...”

“तूच ऐक. ती म्हातारी बघितलीस का दुसऱ्या अंकातली? सत्तरीच्या खाली नसेल. हाताच्या शिरा वर आलेल्या मागून मला दिसत होत्या. त्या वयात ती बाई तासभर उभी राहून काम करते. बाहेर फोटोत लावलेली ती पोरगी तिची नात असेल बहुतेक, चेहरेपट्टी तीच. माणसानं कामाशी असं चिकटून राहावं! आणि तू एक दिवस खुर्चीत बसू शकली नाहीस. कुठाय ती बाई? मला तिच्या पाया पडायचंय.”

पाटकर डब्याचं झाकण लावायचे थांबले. कोपऱ्यातल्या आरशासमोर उल्का आमच्याकडे पाठ करून कोल्ड क्रीम चोळत होती. ती सावकाश वळली. उजवा गाल सव्वीस वर्षांचा, डावा सत्तरीचा.

“पाया कोणत्या बाजूनं पडताय?” तिनं विचारलं.

दादा मागं सरकला, पेटीला अडखळला आणि पेटीवरच बसला. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या हातांकडे. हात अजून धुतले नव्हते.

“हे... हे रंगवलेलं आहे?”

“तुमच्या बहिणीनं,” पाटकर म्हणाले. “तेरा मिनिटांत.”

दादा उठून जवळ गेला. कापडाचा पोत बघतो तसा वाकून, हात न लावता, त्यानं त्या शिरा बघितल्या. बराच वेळ बघितल्या.

“एखादं चित्र गेलं का?” त्यानं मान वर न करता विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. “एकही नाही.”

“विशू,” आत्या ट्रंकेवरून उठली. “तुला अनोळखी माणूस पाहिजे होता ना? कुणी केलंय हे ठाऊक नसलेला, नुसतं काम बघून मान डोलवणारा? सातशे होते आज. सहाशे नव्व्याण्णवांचं मी सांगत नाही. एक तर इथंच उभा आहे.”

दादाच्या मिशीचं टोक हललं. तो हसू दाबतोय की काय, मला कळेना. त्यानं खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं, पुन्हा पेटीवर बसला, आणि नेहमीच्या दुकानातल्या आवाजात म्हणाला, “उद्या हेडमास्तर दारात उभे असतील. त्यांना काय सांगू मी?”

“सांगा,” पाटकर म्हणाले, “ताईंचा मंगळवारी पार्ल्याला प्रयोग आहे.”

दादानं माझ्याकडे बघितलं.

“किती वाजता?” त्यानं विचारलं.